टर्मिनलमध्ये बटणं भलतंच लिहितात: बॅकस्पेस, बाण, गोठलेली खिडकी आणि चुकीचा लेआउट

बॅकस्पेस दाबलं की ^एच उमटतं. वरचा बाण दाबला की आधीची कमांड यायच्या ऐवजी ^[[ए येतं. डिलीट दाबलं तर नुसतं ~. कधी खिडकी अशी गोठते की काही केल्या अक्षर उमटत नाही. तक्रारी वेगवेगळ्या, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे: टर्मिनलमधल्या प्रोग्रामला तुमचं बटण कधी दिसतच नाही, त्याला मिळतात फक्त बाइट.

बटण दाबल्यापासून प्रोग्रामपर्यंत तीन टप्पे असतात. पहिला टप्पा टर्मिनलच्या खिडकीचा. ग्नोम टर्मिनल, पुटी, विंडोज टर्मिनल, मॅकचं टर्मिनल, यांपैकी जे वापरता ते बटणाचे बाइट बनवतं. दुसरा टप्पा कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) टीटीवायचा. ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरं धरून ठेवणं, खोडणं, कंट्रोल-सी ओळखणं ही कामं तिथे होतात. तिसरा टप्पा म्हणजे खुद्द प्रोग्राम: बॅश (कमांड वाचून चालवणारा शेल), विम (एडिटर), टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा). या तिघांचं एकमत नसलं की बटण बिघडल्यासारखं वाटतं. मग इंटरनेटवर सापडलेली ओळ कॉन्फिग फाइलीत चिकटवली जाते, एक बटण सुटतं आणि दोन नवी अडकतात. म्हणून आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहा आणि तिथेच दुरुस्त करा.

खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप मात्र रोमन लिपीतच करायची. घोटाळा होण्यासारखा असेल तिथे स्पेलिंग सुटं केलं आहे.

पहिलं काम: बाइट बघणं

बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबा, सोडा आणि मग संशयित बटण दाबा. त्या बटणाचे कच्चे बाइट स्क्रीनवर दिसतात. साधारण असं दिसायला हवं:

बॅकस्पेस: ^? (बाइट 127) किंवा ^एच (बाइट 8)
डिलीट: ^[[3~
वरचा बाण: ^[[ए किंवा ^[ओए
होम: ^[[एच, ^[ओएच किंवा ^[[1~
एफ1: ^[ओपी किंवा ^[[11~

इथे ^[ म्हणजे एस्केप, बाइट 27. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही पेस्टसाठी राखीव असल्याने ही चाचणी चालत नाही. तिथून लिनक्स मशीनवर गेला असाल तर ‘शोकी -ए’ ही कमांड चालवा (स्पेलिंग एस-एच-ओ-डब्ल्यू-के-ई-वाय). दाबलेल्या प्रत्येक बटणाचे आकडे ती दाखवते. बाहेर पडायला कंट्रोल-डी.

काहीच उमटलं नाही तर बटण खिडकीच्या पुढे गेलेलंच नाही. नेहमीचं उदाहरण ग्नोम टर्मिनलमधलं एफ10. एचटॉप किंवा मिडनाइट कमांडरमधून बाहेर पडायला ते लागतं, पण टर्मिनल स्वतःचा मेनू उघडतं. प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली मेनू अॅक्सेलरेटरची खूण काढली की झालं. लॅपटॉपवर एफच्या बटणांनी आवाज किंवा उजेड बदलत असेल तर एफएन धरून दाबून बघा.

बॅकस्पेस: 8 की 127

हा घोळ जुना आहे. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवर बॅकस्पेस आणि डिलीट अशी दोन बटणं होती, पहिलं 8 पाठवायचं आणि दुसरं 127. 1983 च्या व्हीटी220 वर खोडण्याच्या बटणाला 127 मिळालं. पीसीच्या जगात बॅकस्पेस म्हणजे 8. डेबियनने नियमच केला की बॅकस्पेसने 127 पाठवायचं आणि डिलीटने ^[[3~. आज लिनक्सवर हेच प्रमाण धरलं जातं. तरी जुनी युनिक्स मशीन्स, राउटर, सिरीयल कन्सोल आणि जुन्या सेव्ह केलेल्या पुटी सेशन्स अजून 8 वर अडलेल्या सापडतात.

कर्नल काय समजतोय ते असं बघा:

एसटीटीवाय -ए

उत्तरात ‘इरेझ =’ असं असतं. समोर ^? असेल आणि कंट्रोल-व्ही चाचणीत बॅकस्पेस ^एच दाखवत असेल, तर दोष सापडला. इथे बरेच जण फसतात, कारण बॅशमध्ये सगळं नीट चालतं. बॅशची रीडलाइन (ओळ संपादित करणारा भाग) 8 आणि 127 दोन्ही खोडण्यासाठी वापरते, म्हणून प्रॉम्प्टवर तक्रार दिसत नाही. पण सुडोचा (अॅडमिन अधिकाराने कमांड चालवणाऱ्या कमांडचा) पासवर्ड, डेटाबेसचा साधा प्रॉम्प्ट, नुसतं ‘कॅट’, अशा ठिकाणी खोडण्याचं काम कर्नल करतो आणि तिथे 8 हे खोडणं न ठरता पासवर्डमधलं एक जास्तीचं अक्षर ठरतं. पासवर्ड दिसत नाही, चूक सुधारली असं वाटतं आणि तो नाकारला जातो. सर्व्हरवर ‘पासवर्ड कधी चालतो, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली तर आधी हेच तपासावं. तोवर एक सोपी वाट आहे: पासवर्ड चुकला तर कंट्रोल-यू दाबा, सगळी ओळ पुसली जाते, मग नव्याने लिहा.

तात्पुरता उपाय म्हणजे कर्नलला तुमच्या बॅकस्पेसचा बाइट सांगणं. ‘एसटीटीवाय इरेझ’ लिहा, एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही आणि मग बॅकस्पेस दाबा, एंटर. कायमचा उपाय मात्र खिडकीत करा, सर्व्हरवर नको. पुटीत टर्मिनल → कीबोर्ड इथे बॅकस्पेससाठी कंट्रोल-? (127) निवडा. मग सेशन पानावर परत येऊन सेव्ह दाबायचं, नाहीतर पुढच्या वेळी जुनंच येतं. सर्व्हरच्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलीत) इरेझची ओळ घालून ठेवली तर त्याच खात्यात वेगळ्या टर्मिनलवरून येणाऱ्याचं बॅकस्पेस बिघडतं.

विममध्ये बॅकस्पेस दाबल्यावर नवी अक्षरं खोडली जातात पण आधीचा मजकूर जात नसेल, तर तो बाइटचा प्रश्न नाही. विमच्या ‘बॅकस्पेस’ या सेटिंगमध्ये इंडेंट, ईओएल, स्टार्ट ही तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन घाला.

बाण दाबले की ^[[ए, ^[[बी

बाइट अगदी बरोबर येत आहेत, समोरच्या प्रोग्रामला ओळ संपादित करता येत नाही, एवढाच याचा अर्थ. सगळ्यात नेहमीचं कारण शेल. डेबियन किंवा उबंटूवर ‘यूजरअॅड’ने नवं खातं काढलं आणि शेल सांगितला नाही, तर /बिन/एसएच मिळतो. उबंटूत 2006 च्या 6.10 आवृत्तीपासून त्याच्यामागे डॅश आहे. डॅश हलका आणि चटपटीत आहे, पण नेहमीच्या बांधणीत त्याला इतिहास आणि बाण कळत नाहीत. ‘एको $0’ लिहून खात्री करा आणि शेल बदला:

सीएचएसएच -एस /बिन/बॅश

मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

एसक्यूएलप्लससारख्या काही प्रोग्राममध्ये मुळातच ही सोय नसते. तिथे ‘आरएलरॅप’ हे छोटं पॅकेज टाकून कमांडच्या आधी त्याचं नाव लिहायचं (आर-एल-डब्ल्यू-आर-ए-पी). बाण, इतिहास, कंट्रोल-आर सगळं मिळतं.

विमच्या इन्सर्ट मोडमध्ये बाणांनी ए, बी, सी, डी अक्षरं पडतात, हे नव्या उबंटू-डेबियनवर हमखास दिसतं. तिथे सुरुवातीला विमची टायनी आवृत्ती असते आणि ती जुन्या व्हीआयसारखी वागते. पूर्ण विम इन्स्टॉल करणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर घरच्या फोल्डरमधल्या विमआरसीत ‘सेट नोकंपॅटिबल’ ही एक ओळ पुरते.

होम, एंड, डिलीट, एफची बटणं आणि टर्म

इथे तिसरा टप्पा येतो. प्रोग्राम ‘टर्म’ या व्हेरिएबलमधलं नाव वाचतो, टर्मइन्फोच्या तक्त्यात ते शोधतो आणि तिथे लिहिलेले बाइटच होम किंवा एफ1 म्हणून ओळखतो. खिडकी एक पाठवते आणि तक्त्यात दुसरं लिहिलेलं आहे, असं झालं की बटण मुकं होतं किंवा ~ उमटतं.

‘एको $टर्म’ लिहून नाव बघा. मग तक्ता बघा:

इन्फोसीएमपी -1

त्यात केहोम, केएंड, केएफ1 अशा ओळी असतात; तिथे एस्केप हा \ई असा लिहिलेला असतो. या ओळी कंट्रोल-व्हीच्या निकालाशी ताडून पाहा. पुटी हे ठसठशीत उदाहरण आहे. ती सर्व्हरला स्वतःचं नाव ‘एक्सटर्म’ सांगते, पण एफ1 ला ^[[11~ पाठवते. एक्सटर्मच्या तक्त्यात मात्र ^[ओपी असतं. दोन वाटा आहेत: कीबोर्ड पानावर फंक्शन कीजसाठी एक्सटर्म आर6 निवडा, किंवा कनेक्शन → डेटा इथे टर्मिनल टाइपमध्ये ‘पुटी-256कलर’ लिहा. दुसरी वाट जास्त प्रामाणिक आहे, पण तो तक्ता सर्व्हरवर असायला हवा. जुन्या सर्व्हरवर तो नसतो. पुटीतच आकड्यांच्या पॅडने विममध्ये अक्षरं आणि नव्या ओळी पडत असतील, तर टर्मिनल → फीचर्स इथे अॅप्लिकेशन कीपॅड मोड बंद करा.

बॅशआरसीत टर्मची किंमत स्वतः लिहू नका. रंग येत नाहीत म्हणून ‘एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म-256कलर’ ही ओळ घातलेली असते आणि मग टीमक्सच्या आत होम-एंड मरतात, कारण टीमक्सच्या आत हे नाव ‘टीमक्स-256कलर’ किंवा ‘स्क्रीन-256कलर’ असायला हवं. टर्म हे नाव खिडकीने सांगायचं असतं. रंग हवे असतील तर खिडकीच्या सेटिंगमध्ये बदला, टीमक्ससाठी टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये.

नव्या टर्मिनलवरून जुन्या सर्व्हरवर गेल्यावर ‘अननोन टर्मिनल टाइप’ असं येतं आणि बॅकस्पेसने अक्षर खोडलं जायच्या ऐवजी जागा पुढे सरकते. किटी या टर्मिनलचं ‘एक्सटर्म-किटी’ हे नाव असं अडतं. स्वतःच्या मशीनवरून तक्ता एसएसएचने (दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या कमांडने) एकदाच पाठवून द्या:

इन्फोसीएमपी -एक्स | एसएसएच सर्व्हर टीआयसी -एक्स -

तक्ता तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये बसतो, रूट परवानगी लागत नाही.

झेडएसएच (बॅशसारखा दुसरा शेल) वापरणाऱ्यांचं डिलीट नुसतं ~ लिहीत असेल तर बिघाड नाही. झेडएसएच ही बटणं आपणहून बांधत नाही. झेडएसएचआरसीत ‘बाइंडकी’ वापरून ^[[3~ ला डिलीट-चार, ^[[एच ला बिगिनिंग-ऑफ-लाइन आणि ^[[एफ ला एंड-ऑफ-लाइन जोडा. बाइट तुमच्या चाचणीत आले तेच लिहा.

खिडकी गोठली

आधी कंट्रोल-क्यू दाबा. त्याने काही बिघडत नाही आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं. कंट्रोल-एस म्हणजे बाइट 19, ‘थांब’; कंट्रोल-क्यू म्हणजे 17, ‘चालू’. 1963 च्या टेलिटाइप एएसआर-33 वर कागदी पट्टीचं वाचन याच दोन संकेतांनी थांबायचं आणि सुरू व्हायचं. फाइल सेव्ह करायची सवय म्हणून विम किंवा नॅनोत बोटं कंट्रोल-एसवर जातात आणि पुष्कळ ठिकाणी स्क्रीन थांबते. तुम्ही मधल्या काळात लिहिलेलं सगळं साठलेलं असतं आणि कंट्रोल-क्यू दाबताच एकदम धावतं. म्हणून गोठलेल्या खिडकीत एंटर बडवू नका.

ही सोय बंद करायला ‘एसटीटीवाय -इक्सॉन’ (आय-एक्स-ओ-एन) ही ओळ बॅशआरसीच्या शेवटी घाला. उबंटू-डेबियनच्या बॅशआरसीत वरतीच एक तपासणी असते, ती इंटरअॅक्टिव्ह नसलेल्या शेलला तिथूनच परत पाठवते. आपली ओळ तिच्या खाली हवी. वर घातली तर एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणं) करताना ‘इनअॅप्रोप्रिएट आयऑक्टल’ची तक्रार येते. फायदा असा की कंट्रोल-एस मोकळं होतं आणि बॅशमध्ये इतिहासात पुढे शोधायला वापरता येतं.

कंट्रोल-क्यूने सुटलं नाही तर पुढचे संशयित असे. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये माउस चुकून लागला की क्विक एडिट सुरू होतं आणि चालू प्रोग्राम जागीच थांबतो. शीर्षकात ‘सिलेक्ट’ शब्द दिसतो, एस्केप दाबा. एसएसएच कनेक्शन मेलं असेल तर एंटर, मग ~, मग टिंब, या क्रमाने दाबा. खिडकी बंद न करता सुटका होते. पुन्हा होऊ नये म्हणून एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 60 ठेवा. आणि विम ‘गायब’ होऊन प्रॉम्प्ट आला असेल तर ते कंट्रोल-झेड आहे: ‘एफजी’ लिहा, विम होता तिथे परत येतो.

प्रोग्राम कोसळला आणि मागे घाण ठेवून गेला

लिहिलेलं दिसत नाही, एंटरला ^एम उमटतं, ओळी जिन्यासारख्या तिरक्या पडतात: प्रोग्रामने टीटीवाय कच्च्या मोडमध्ये सोडली आहे. आंधळेपणाने असं करा: कंट्रोल-जे, ‘एसटीटीवाय सेन’, कंट्रोल-जे. एंटर इथे चालत नाही, कारण एंटर 13 पाठवतं आणि ओळ संपवायला 10 लागतो. 13 चा 10 करणारी सोयच बंद पडलेली असते. कंट्रोल-जे थेट 10 पाठवतं.

बायनरी फाइल ‘कॅट’ केल्यावर अक्षरांच्या जागी चौकटींच्या रेघा आल्या तर ‘रीसेट’ लिहा. माउस हलवला की ^[[<35;40;12एम असे आकडे पडत असतील, तर टीमक्स किंवा विम चालू असताना कनेक्शन तुटलं आणि माउसची नोंद चालूच राहिली; तिथेही ‘रीसेट’. पेस्ट केलेल्या मजकुराच्या आगेमागे 200~ आणि 201~ दिसलं तर ती ब्रॅकेटेड पेस्टची खूण आहे. बॅश 5.1 पासून ती आपोआप चालू असते. ती कायमची बंद करू नका. पेस्टमधली नवी ओळ त्यामुळेच आपोआप चालत नाही, आणि वेबवरून उचललेली कमांड तुम्ही वाचण्याआधीच धावायला नको असेल तर हे कुंपण हवं.

एस्केप उशिरा लागतं

टीमक्समध्ये विम उघडून एस्केप दाबलं की अर्धा सेकंद काही होत नाही. एस्केप हा बाणांच्या संकेताचा पहिला बाइटही असतो, म्हणून टीमक्स पुढचा बाइट येतोय का ते पाहत थांबतो. जुन्या आवृत्त्यांत ही वाट 500 मिलिसेकंदांची होती, 3.5 पासून 10 झाली. जुनी असेल तर टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये ‘सेट -एसजी एस्केप-टाइम 10’ लिहा. शून्य ठेवू नका. संथ कनेक्शनवर बाण तुटून विममध्ये अक्षरं पडतात. मॅकवर ऑल्टची जोडबटणं चालत नसतील तर टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये कीबोर्डखाली ऑप्शनला मेटा की करा.

लेआउट: मराठीतून इंग्रजीत यायचं राहिलं

मराठी लिहिणाऱ्यांची ही रोजची अडचण आहे. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू राहिलं असेल तर एलएस टाइप केल्यावर ‘ते’ उमटतं आणि बॅश म्हणतो ‘ते: कमांड नॉट फाउंड’. सीडी लिहिलं तर ‘म्’. विममध्ये जास्त अडतं: इनस्क्रिप्टवर कोलनच्या जागी छ आहे, स्लॅशच्या जागी य, पाइपच्या जागी ऑ. त्यामुळे विममधून बाहेर पडायची कमांडच लिहिता येत नाही. सुपर-स्पेसने इंग्रजी लेआउटवर या, एस्केप दाबा, मग पुढे. सेटिंग्जमध्ये इनपुट सोर्सेसच्या यादीत इंग्रजी कायम ठेवा. ते यादीत असेल तर मराठी चालू असतानाही कंट्रोल-सी सहसा चालतं, कारण कंट्रोलसोबत देवनागरी अक्षर आलं की दुसऱ्या लेआउटमधलं रोमन अक्षर शोधलं जातं. यादीत फक्त मराठी ठेवलं तर शोधायला काहीच उरत नाही.

इंग्रजीतही चूक होते. इन्स्टॉल करताना यूके लेआउट निवडला गेला की @ आणि " यांची अदलाबदल होते. आपल्याकडचे कीबोर्ड बहुतेक यूएस मांडणीचे असतात, त्यामुळे बटणावर छापलेलं आणि उमटलेलं जुळत नाही. पासवर्डात @ असेल तर लॉगिनच होत नाही. युजरनेमच्या जागी @ लिहून बघा, तिथे दिसतं. यूएस इंटरनॅशनल डेड कीजवाला लेआउट असेल तर ' आणि ~ पुढचं बटण दाबेपर्यंत येत नाहीत. दुरुस्ती: ‘लोकॅलसीटीएल स्टेटस’ने बघा, ‘लोकॅलसीटीएल सेट-कीमॅप यूएस’ने बदला. डेबियन-उबंटूवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ सुडो लावून चालवा.

देवनागरी मुद्दाम लिहिताना आणखी एक खाच आहे. यूटीएफ-8 मध्ये आपलं प्रत्येक अक्षर आणि मात्रा तीन बाइटची असते. ‘क’ म्हणजे 224, 164, 149. ‘क्षि’ म्हणजे चार संकेत, बारा बाइट. टीटीवायला हे माहीत नसेल तर एक बॅकस्पेस एकच बाइट खोडतं. स्क्रीनवर क गेल्यासारखा दिसतो, पण दोन बाइट मागे राहतात आणि फाइलीत � होऊन बसतात. ‘एसटीटीवाय -ए’मध्ये ‘आययूटीएफ8’ शब्द शोधा. त्याच्याआधी उणे चिन्ह असेल तर:

एसटीटीवाय आययूटीएफ8

ओपनएसएसएच 7.3 पासून हे सेटिंग कनेक्शनसोबत पलीकडे जातं, म्हणून अडचण मुख्यतः जुन्या सर्व्हरवर आणि सिरीयल कन्सोलवर येते. बॅशमध्ये त्रास होत असेल तर ‘लोकॅल’ (एल-ओ-सी-ए-एल-ई) ही कमांड बघा. उत्तरात नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ असेल तर रीडलाइन अक्षरांऐवजी बाइट मोजते आणि मराठी लिहिताना कर्सर भरकटतो. ‘एक्सपोर्ट लँग=सी.यूटीएफ-8’ चालवा आणि नवा बॅश उघडून पुन्हा ‘क’ लिहून एकदाच बॅकस्पेस दाबा.